लाळग्रंथीची सूज, खडे आणि गाठी: नागपुरात दवाखान्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी दातांची डॉक्टर, दवाखाना मानेवाड्याकडे. लाळग्रंथीसाठी म्हणून माझ्याकडे मुद्दाम कोणी येत नाही, दाढेसाठी येतात आणि फीचे पैसे देता देता विचारतात की मॅडम, हे कानाखाली काय आहे, जरा पाहून द्या बरं. तेच तेच प्रश्न, म्हणून एकदाचे लिहून काढले. वाचून घरीच निदान करू नका, पण कोणत्या गोष्टीला घाबरायचं आणि कोणत्या गोष्टीला नाही एवढं तरी कळेल. आपल्याकडे ते नेमकं उलटं चालतं, दुखलं की लोक पळत येतात आणि जी गाठ दुखत नाही ती वर्षानुवर्षं शर्टाच्या कॉलरमागे लपवतात.

लाळग्रंथी असतात कुठे? मला तर वाटायचं लाळ जिभेतूनच येते.

जिभेत, ओठांत, टाळूत, गालाच्या आतून अशा बारीक बारीक ग्रंथी असतातच, ६०० ते १००० च्या आसपास. पण मोठ्या म्हणाल तर तीन जोड्या. कानाच्या पुढे आणि पाळीच्या खाली असते ती पॅरोटिड, सगळ्यात मोठी. जबड्याच्या हाडाखाली असते ती सबमँडिब्युलर, आणि जिभेखाली सबलिंग्वल. सगळ्या मिळून दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ करतात, आपण गिळत राहतो म्हणून कळत नाही.

एक करून पाहा. आरशासमोर मोबाईलचा टॉर्च लावा, गाल बाहेर ओढा, वरच्या मोठ्या दाढांपैकी दुसरीच्या समोर गालाच्या आत एक छोटा उंचवटा दिसेल. ते पॅरोटिडच्या नळीचं तोंड आहे. कानापुढून गालावर हलकं दाबत आणलं तर तिथून लाळेचा थेंब येतो. हे मुद्दाम सांगते कारण खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला) सोडल्यानंतर रोज आरशात तोंड तपासणारे बरेच जण त्याच उंचवट्याला गाठ समजून रात्रभर झोपत नाहीत. दोन्ही बाजूंना सारखं असेल तर ते तुमचंच आहे, जन्मापासूनचं.

जेवायला बसलं की जबड्याखाली टम्म फुगतं, दुखतं, तासा-दोन तासांनी आपोआप उतरतं. हे काय आहे?

बहुतेक वेळा खडा. हो, लाळेतही खडा होतो. तर्री पोह्यावर लिंबू पिळलं, नुसता वास आला तरी ग्रंथी लाळ सोडायला लागते, पुढे नळीत खडा अडकलेला, मग लाळ जाईल कुठे, मागे तुंबते आणि ग्रंथी ताणून फुगते. जेवण संपलं की लाळ कमी होते, तुंबलेली हळूहळू खड्याच्या बाजूने निघून जाते आणि सूज उतरते. जेवणाच्या वेळेशी जोडलेली सूज हा इतका पक्का इशारा आहे की पेशंट एवढं बोलला की मी आधी त्याच्या जिभेखाली बोट फिरवते, कितीदा तरी तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी कडक तिथेच हाताला लागतं.

दहापैकी आठ खडे जबड्याखालच्या ग्रंथीत होतात. त्याला कारण आहे, तिथली लाळ जास्त घट्ट, तिच्यात कॅल्शियम जास्त, आणि तिची नळी जवळपास पाच सेंटीमीटर लांब, शिवाय ती खालून वर चढत जाते. सगळं खडा जमायला सोयीचं.

खडा छोटा असेल तर भरपूर पाणी, गरम शेक, मागून पुढे हलक्या हाताने मालिश आणि काहीतरी आंबट चघळणं, संत्र्याच्या सीझनमध्ये आंबट फोड सगळ्यात स्वस्त औषध, एवढ्याने कधीकधी खडा आपोआप बाहेर पडतो. लोक हातात घेऊन दाखवायला येतात. पण ताप आला, जिभेखालून पू यायला लागला, गिळता येईना, तोंड उघडेना, तर आंबट-बिंबट सोडा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जिभेखालची सूज वाढून श्वासाला अडथळा आला तर ती इमर्जन्सी असते, रात्र असली तरी थांबायचं नाही.

किडनीत पण खडा झाला होता. मग आता दूध, टमाटर, पालक सगळं बंद करू का?

नका करू. लाळेचा खडा मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचा असतो पण रक्तातलं कॅल्शियम सहसा नॉर्मलच असतं, दूध बंद केल्याने काही साधत नाही. पाणी कमी पिणं, लाळ कमी करणाऱ्या गोळ्या, सिगारेट, यांचा संबंध जास्त. मे महिन्यात ४५ डिग्रीत दिवसभर गाडीवर फिरायचं आणि पाण्याच्या नावावर दोन कट चहा, हे आधी सुधारा.

खडा काढायला आख्खी ग्रंथी काढतात म्हणे?

आधी बऱ्याचदा काढायचे. आता नळीच्या तोंडाजवळचा खडा तोंडातूनच, भूल देऊन, छोटा काप घेऊन निघतो, बाहेर टाकासुद्धा नाही. आतल्या खड्यासाठी सायलेंडोस्कोपी असते, एक-दीड मिलीमीटरच्या आसपासची बारीक दुर्बीण नळीतून आत घालतात आणि बास्केटने खडा ओढतात, मोठा असेल तर आधी फोडतात. सगळीकडे होत नाही, विचारून घ्यावं लागतं. ग्रंथी काढायची वेळ येते ती खडा एकदम ग्रंथीच्या आत रुतलेला असेल आणि पुन्हा पुन्हा पू होऊन ग्रंथी खराब झाली असेल तेव्हा. आणि एक गेली तरी बाकीच्या पुरतात, तोंड कोरडं पडत नाही.

पोराचा गाल फुगला, शाळेत दोघा-तिघांना झालंय. गालफुगीच ना?

बहुतेक हो. गालफुगी, कोणी गालगुंड म्हणतं, पॅरोटिडचा व्हायरल आजार आहे. विषाणू शिरल्यापासून सूज यायला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात, त्यामुळे पाहुण्यांकडच्या लग्नातून आणली की शाळेतून हे शोधत बसण्यात अर्थ नाही. आधी एक-दोन दिवस ताप, अंग दुखणं, मग एका बाजूचा गाल, पाठोपाठ दुसरा. कानाची पाळी वर आणि बाहेर ढकलल्यासारखी दिसते. आंबट खाल्लं की कळ येते, म्हणून इथे लिंबू-संत्री देऊ नका, वर खड्यासाठी सांगितलं ते वेगळं.

व्हायरल आहे त्यामुळे अँटिबायोटिकने काही होत नाही. पॅरासिटामॉल, पातळ खाणं, पाणी, आराम. सूज आल्यापासून पाच दिवस शाळेत पाठवू नका. मेडिकल स्टोअरमधून आपल्या मनाने 'पाच दिवसांचा कोर्स' आणणाऱ्यांना मी हात जोडते, आणि मुलांना ॲस्पिरिन तर अजिबातच नको.

लक्ष ठेवायचं ते तीन गोष्टींवर. जोरात डोकं दुखून मान आखडणं आणि उलट्या, एका कानाने ऐकू न येणं, आणि वयात आलेल्या मुलांत किंवा पुरुषांत अंडकोषाला सूज. शेवटची भानगड वयात आल्यावर झालेल्या गालफुगीत साधारण १५ ते ३० टक्के पुरुषांना होते. बहुतेकांना एकाच बाजूला होते आणि पूर्ण वंध्यत्व क्वचितच येतं, त्यामुळे 'आता याचं लग्न कसं होईल' असं आजीसमोर बोलू नका, ती गावभर करते.

आम्ही तर सगळ्या सरकारी लसी वेळेवर दिल्या होत्या, मग काऊन झाली?

कारण सरकारी लसीकरणात मिळते ती एमआर, म्हणजे गोवर आणि रुबेला. गालफुगीची लस एमएमआरमध्ये असते आणि ती सध्या सरकारी कार्यक्रमात नाही. बालरोगतज्ज्ञांची संघटना ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षं असे तीन डोस सुचवते, ते खाजगीत घ्यावे लागतात. हे आईबापांना कोणी नीट सांगत नाही, कार्डावर सगळे शिक्के आहेत म्हणून त्यांना वाटतं सगळं झालं. ही लस मॉरिस हिलमन नावाच्या शास्त्रज्ञाने स्वतःच्या मुलीला १९६३ साली गालफुगी झाली तेव्हा तिच्या घशातून विषाणू घेऊन बनवली, १९६७ साली अमेरिकेत मंजूर झाली, म्हणजे काही नवीन प्रयोग नाहीये. द्या.

हळद-चुन्याचा लेप लावला तर चालतो का? आणि बिब्बा?

हळदीने काही बिघडत नाही आणि काही सुधरतही नाही. चुन्याने लेकराची कातडी भाजते. बिब्बा तर नावच काढू नका. कानाखालच्या गाठीवर बिब्ब्याचे डाग घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत, गाठ जशीच्या तशी आणि वरून काळी जखम, मग सर्जनला चीर कुठे घ्यायची हाच प्रश्न. गरम सळईचा डाग देणं हाही त्यातलाच प्रकार.

माझ्या मुलीला दर दोन-तीन महिन्यांनी गालफुगी होते. एवढ्यांदा कशी होईल?

होत नाही. खरी गालफुगी बहुतेकांना आयुष्यात एकदाच होते. पुन्हा पुन्हा सूज येते, कधी या बाजूला कधी त्या, चार-आठ दिवसांत उतरते, तर तो लहान मुलांचा पुन्हा पुन्हा होणारा पॅरोटायटिस, म्हणजे पॅरोटिडची सूज, असू शकतो. सोनोग्राफीत दिसतो. बहुतेक मुलांचा वयात येईपर्यंत थांबतो. तोपर्यंत पाणी, मालिश, दात स्वच्छ. फारच त्रास असेल तर दुर्बिणीने नळी धुवून देतात. मुलगी मोठी असेल, डोळे-तोंड कोरडं पडत असेल तर रक्ताच्या काही तपासण्याही करतात.

आजीचं खुब्याचं ऑपरेशन झालं, चौथ्या दिवशी गाल लाल होऊन सुजला. दवाखान्यात जंतू लागले का?

जंतू तोंडातलेच असतात. म्हातारं माणूस, पोटात पाणी नाही, तोंडाने खाणं बंद, लाळ वाहत नाही, मग तोंडातले जंतू नळीतून उलटे वर चढतात. १८८१ मध्ये गोळी लागलेले अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांनाही आजारपणात असाच पॅरोटिडमध्ये पू झाला होता, तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं. आता आहे, आणि इथे ते लागतंच, सलाइन लागतं, पू साचला तर काढावा लागतो. शुगर असेल तर ती आधी आटोक्यात.

उन्हाळ्यात आपल्याकडे हे ऑपरेशनशिवायही होतं. म्हातारी माणसं रात्री उठावं लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत, कूलरसमोर पडून राहतात, कवळी तशीच तोंडात. दिवसातून तीन-चार वेळा ओल्या कापडाने तोंड पुसून द्यायचं, घोट घोट पाणी पाजायचं, एवढं घरच्यांनी केलं तरी पुष्कळ.

कानाखाली गाठ आहे, सहा-सात वर्षं झाली. दुखत नाही, हलते. काही करायची गरज आहे का?

आहे. या सगळ्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

अशी गाठ बहुतेक वेळा प्लिओमॉर्फिक अडेनोमा निघते. लाळग्रंथींच्या गाठींचं एक ढोबळ गणित डॉक्टरांच्या तोंडपाठ असतं, शंभरातल्या ऐंशी गाठी पॅरोटिडमध्ये, त्यातल्या ऐंशी टक्के साध्या, आणि साध्यांतल्या ऐंशी टक्के याच प्रकारच्या. म्हणजे गाठ आहे म्हणून कॅन्सरच आहे असं नाही, उलट शक्यता साधी असण्याचीच जास्त. पण हे गणित पॅरोटिडचं आहे. ग्रंथी जितकी लहान तितकी तिच्यातली गाठ वाईट असण्याची शक्यता जास्त. जबड्याखालच्या ग्रंथीत जवळजवळ निम्म्या, आणि जिभेखालच्या किंवा टाळूतल्या बारीक ग्रंथींतल्या गाठी तर बऱ्याच ठिकाणच्या आकडेवारीत निम्म्याहून जास्त कॅन्सरच्या निघतात. म्हणून टाळूवरचा न दुखणारा छोटा फुगा पाहिला की मी दाढेचं काम बाजूला ठेवते.

साधीच आहे ना मग, राहू द्या की. काढायची कशाला?

दोन कारणं. एक, ती थांबत नाही, हळूहळू वाढतच राहते. दोन, वर्षं जातात तशी तिच्यात कॅन्सर होण्याची शक्यता वाढते, पहिल्या पाच वर्षांत साधारण दीड टक्का, पंधरा वर्षांनंतर दहाच्या आसपास. आणि लहान असताना काढणं सर्जनला सोपं, चेहऱ्याची नस वाचवणं सोपं, चीर लहान. बोराएवढी असताना 'दुखत नाही ना' म्हणून सोडलेली गाठ लिंबाएवढी होऊन येते तेव्हा तेच ऑपरेशन दुप्पट अवघड झालेलं असतं.

एका काकांनी मला सांगितलं होतं की ती माझी लकी गाठ आहे, ती आल्यापासून धंदा वाढला. काय बोलणार बापा. मी त्यांना विचारलं, धंदा कोण पाहतं? म्हणे मुलगा. मग म्हटलं, मुलगा ठेवा, गाठ काढा. ते हसले, दिवाळीनंतर करू म्हणाले, आणि खरंच केलं, रिपोर्ट साधा आला.

वय फार जास्त असेल, हार्टचा आजार असेल, भूल देणं धोक्याचं असेल तर नुसतं लक्ष ठेवायचा निर्णयही घेतात. पण तो निर्णय तपासणी करून डॉक्टरांनी घ्यायचा असतो, शेजाऱ्याने नाही.

सिगारेट ओढणाऱ्यांना वेगळी गाठ होते म्हणतात, खरं का?

हो, वॉर्थिन ट्यूमर. कानाच्या पाळीखाली मऊसर गाठ, पन्नाशी-साठीच्या सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांत जास्त, दहातल्या एकाला दोन्ही बाजूंना. कॅन्सर व्हायची भीती जवळपास नसते, त्यामुळे बारीक सुईने पेशी काढून केलेल्या तपासणीत पक्कं झालं तर काही जणांना न काढताही चालतं.

सुई लावली की कॅन्सर पसरतो, म्हणून आम्ही एफएनएसी केली नाही.

हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान पिकले. नाही पसरत. इंजेक्शनसारखी बारीक सुई असते, गाठीतल्या थोड्या पेशी ओढून काचेवर पसरवून पाहतात, पाच मिनिटांचं काम. त्याआधी सोनोग्राफी, गाठ खोल असेल किंवा शंका असेल तर एमआरआय, खडा शोधायचा असेल तर सीटी चांगला. सुईचा रिपोर्ट प्रत्येक वेळी अचूक येतोच असं नाही, पण सर्जनला ऑपरेशन किती मोठं करायचं ते ठरवायला तो लागतो.

खरी भीती कशाची पाहिजे ते सांगते. 'चरबीची गाठ आहे, इथेच भूल देऊन पाच मिनिटांत काढून देतो' याची. पॅरोटिडची गाठ चीर मारून नुसती टोकरून काढली तर तिचं पातळ आवरण फुटतं, आवरणाबाहेर गेलेली तिची बारीक टोकं मागे राहतात, आणि काही वर्षांनी त्याच जागी एक नाही, बारीक बारीक कितीतरी गाठी उगवतात. अशा अर्धवट काढण्यानंतर गाठ परत येण्याचं प्रमाण २० ते ४५ टक्के सांगतात, ग्रंथीच्या भागासकट नीट काढली तर ५ टक्क्यांच्याही खाली. अशी एक बाई माझ्याकडे आली होती, कानामागे जुना टाका आणि त्याच्या आजूबाजूला बोट फिरवलं की दाणेच दाणे, आणि पहिल्या ऑपरेशनचा कागद एकही नाही, काढलेली गाठ तपासणीला पाठवली होती का तेही माहीत नाही. काढलेली प्रत्येक गाठ बायोप्सीला गेलीच पाहिजे, आणि तो रिपोर्ट लॅमिनेट न करता पण जपून ठेवा.

खर्रा खाल्ल्याने लाळग्रंथीचा कॅन्सर होतो का?

नागपुरात हा प्रश्न येणारच. लाळग्रंथीच्या कॅन्सरचं खर्ऱ्याशी तसं सरळ नातं सिद्ध नाही, जसं तोंडाच्या कॅन्सरचं आहे. लाळग्रंथीत पक्कं माहीत असलेलं कारण म्हणजे किरणोत्सर्ग, हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांत या गाठी जास्त आढळल्या, आणि लहानपणी डोक्या-मानेला रेडिएशन घेतलेल्यांतही.

पण थांबा, एवढ्यावर खूश होऊन पन्नी उघडू नका. खर्रा खाणाऱ्याच्या जबड्याखाली गाठ आली आणि तो म्हणतो 'लाळेची गाठ असेल', तर मला पहिली शंका वेगळीच येते. त्याच जागी लिम्फ नोड, म्हणजे रोगप्रतिकाराच्या छोट्या गाठी, त्याही असतात, आणि जिभेच्या किंवा गालाच्या आतल्या कॅन्सरची पहिली गाठ तिथेच उतरते. तेव्हा तोंड उघडून जीभ, गालफडं, हिरड्यांच्या मागची जागा सगळी नीट पाहावी लागते, आणि पंचाईत अशी की खर्ऱ्याने तोंड उघडतच नसतं, तीन बोटं उभी सोडा, दोनही जात नाहीत. गुटखा २०१२ पासून राज्यात बंद आहे आणि खर्रा मात्र प्रत्येक टपरीवर हातावर घोटून मिळतो, असो.

अजून एक गंमत, खर्रा दिवसभर चघळणाऱ्यांचे कानापुढचे गाल फुगलेले दिसतात आणि घरचे म्हणतात गाठ आहे. दात घट्ट चावायला लावा, फुगा कडक झाला तर तो चावण्याचा स्नायू आहे, पहिलवानी झाली त्याची.

दोन्ही गाल कायम फुगलेले, मऊ, दुखत नाही. वजन तर वाढलं नाही.

शुगर तपासा. रोज दारू घेत असाल तर तेही खरं खरं सांगा. या दोन्हींत पॅरोटिड दोन्ही बाजूंनी न दुखता मोठ्या होतात. जेवून मुद्दाम उलट्या काढणाऱ्या मुलींतही होतं, आणि ते आई समोर बसली असताना कोणी सांगत नाही. एचआयव्हीमध्येही दोन्ही पॅरोटिडमध्ये पाण्याच्या गाठी होतात, म्हणून ती टेस्ट लिहून दिली तर अपमान मानू नका. एका बाजूची हळूहळू वाढणारी सूज आणि संध्याकाळचा ताप असेल तर आपल्याकडे टीबीही डोक्यात ठेवावा लागतो.

ओठाच्या आत पाण्याचा फोड येतो, फुटतो, परत येतो.

ओठ चावला जाऊन बारीक ग्रंथीची नळी तुटते आणि लाळ कातडीखाली साचते. म्यूकोसील. टाचणीने फोडू नका, परत येतो. ती बारीक ग्रंथी काढली की विषय संपला. जिभेखाली निळसर मोठा फुगा येतो तो याचाच मोठा भाऊ, त्यात जिभेखालची ग्रंथी काढावी लागते.

मग कॅन्सरची गाठ ओळखायची कशी?

घरी ओळखता येत नाही, पण काही गोष्टी दिसल्या तर उद्यावर टाकायचं नाही. वर्षानुवर्षं तेवढीच असलेली गाठ दोन-तीन महिन्यांत एकदम वाढली. हलायची ती आता हलत नाही, वरची कातडी चिकटली. मानेत दुसरी गाठ आली. गाल, जीभ किंवा ओठ बधिर वाटतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे त्या बाजूचा चेहरा लुळा पडू लागला, डोळा मिटत नाही, चूळ भरताना पाणी ओठातून गळतं.

चेहरा वाकडा झाला की लोक 'हवा लागली' म्हणून मालिशवाल्याकडे जातात. साध्या बेल्स पाल्सीत चेहरा एक-दोन दिवसांत एकदम वाकडा होतो आणि बहुतेकांचा काही आठवड्यांत सुधारायला लागतो. हळूहळू, आठवड्यांनी वाढत गेलेला लुळेपणा, किंवा तीन-चार महिन्यांत काहीच सुधारणा नसणं, हे वेगळं आहे, तेव्हा पॅरोटिडचा एमआरआय झालाच पाहिजे. कानाखाली बोटांनी चाचपून पाहायला तर एक रुपया लागत नाही.

कॅन्सरमध्ये सगळ्यात जास्त आढळतो म्यूकोएपिडर्मॉइड, तो सौम्य दर्जाचा असला तर ऑपरेशनने छान बरा होतो. अडेनॉइड सिस्टिक मात्र चिवट, नसांच्या कडेने सरकतो, गाठ छोटी असली तरी दुखतो, आणि दहा वर्षांनीही फुफ्फुसात दिसू शकतो, म्हणून त्याचा फॉलोअप 'पाच वर्षं झाली, सुटलो' असा संपत नाही. ऑपरेशन हाच मुख्य उपाय, लागलं तर मानेच्या गाठी काढतात आणि नंतर रेडिएशन.

पॅरोटिडच्या ऑपरेशनने तोंड वाकडं होतं म्हणे. त्यापेक्षा गाठ परवडली.

भीती समजते. चेहरा हलवणारी नस याच ग्रंथीच्या मधून जाते आणि आत पाच फांद्यांत फुटते. साध्या गाठीच्या ऑपरेशनमध्ये सर्जन आधी ती नस शोधतो, मग तिच्यावरून ग्रंथी सोडवत जातो, काम वेळखाऊ असतं ते यामुळेच. नसेला हात लागल्यामुळे काही आठवडे-महिने ओठाचा कोपरा किंवा डोळा कमजोर राहणं बऱ्याच जणांत होतं आणि भरून येतं. कायमचं राहण्याचं प्रमाण अनुभवी हातात शंभरात काही मोजके. डोळा मिटत नसेल तेवढे दिवस थेंब टाकायचे आणि रात्री डोळ्यावर पट्टी, नाहीतर बुबुळाला जखम होते. कॅन्सरने नसच पकडली असेल तर ती काढावी लागते, मग दुसरीकडची नस जोडणं वगैरे पुढचे उपाय असतात.

सर्जनला सरळ विचारा की तुम्ही ही ऑपरेशनं नेहमी करता का. चांगला डॉक्टर रागावत नाही. कानाची पाळी बधिर राहते हेही आधीच विचारून ठेवा, बायकांना कानातलं घालताना टोचलेलं कळत नाही आणि कोणी आधी सांगितलेलं नसतं.

ऑपरेशनला वर्ष झालं, आता जेवताना गालावर घाम येतो. गाठ परत आली का?

नाही. लाळेच्या ग्रंथीला जाणाऱ्या बारीक नसा वाढता वाढता कातडीतल्या घामाच्या ग्रंथींना जोडल्या जातात, त्यामुळे सावजीचा रस्सा समोर आला की लाळेच्या ऐवजी गालावर घाम. फ्राय सिंड्रोम म्हणतात. लुच्या फ्राय या पोलंडच्या न्यूरोलॉजिस्ट बाईंनी १९२३ मध्ये याचं नीट स्पष्टीकरण दिलं. धोका काही नाही. रुमाल पुरतो बहुतेकांना, फार असेल तर त्या जागी बोटॉक्सची इंजेक्शनं देतात, काही महिने थांबतं.

तोंड सतत कोरडं पडतं, पोळी गिळायला पाणी लागतं.

आधी गोळ्यांची पिशवी उलटी करा. सर्दी-ॲलर्जीच्या, झोपेच्या-डिप्रेशनच्या, लघवी आवरायच्या, काही बीपीच्या गोळ्या लाळ कमी करतात. बंद नका करू, ज्या डॉक्टरांनी दिल्या त्यांना विचारा. मग शुगर.

डोळ्यातही वाळू गेल्यासारखं होतं, सांधे दुखतात, वय चाळीस-पन्नास आणि बाई असाल तर शोग्रेनची तपासणी हवी. स्वीडनच्या हेनरिक शोग्रेन या डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९३३ मध्ये यावर प्रबंध लिहिला होता. यात शरीराची प्रतिकारशक्ती लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवरच उठते, दहापैकी नऊ रुग्ण बायका. रक्ताच्या तपासण्या आणि ओठाच्या आतून बारीक बायोप्सी करतात. यांच्यात पॅरोटिड कायमची मोठी, कडक राहिली तर लिम्फोमा हा कॅन्सर तर नाही ना ते तपासावं लागतं, म्हणून फॉलोअप सोडू नका. बायका वर्षानुवर्षं 'उष्णता आहे' म्हणून गुलकंद खात बसतात.

आणि तोंडाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलेल्यांनी ऐका, लाळ गेली की दात मुळाशी भराभर किडतात. रेडिएशनच्या आधी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन खराब दात काढून घ्या. नंतर दात काढला तर जबड्याचं हाड भरून येत नाही, तो त्रास फार वाईट. फ्लोराइडची पेस्ट, घोट घोट पाणी, साखर नसलेलं च्युइंगम.

मोबाईल कानाला लावून लावून लाळग्रंथीचा कॅन्सर होतो का?

मोठ्या अभ्यासांत पक्कं नातं सापडलेलं नाही. गाडी चालवताना लावू नका, त्याने मराल हे मात्र पक्कं.

नागपुरात दाखवायचं कुठे?

खडा, फोड, तोंडातलं काही असेल तर दातांचा डॉक्टर किंवा मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) आवारातलं सरकारी डेंटल कॉलेज. कानाखालची किंवा जबड्याखालची गाठ असेल तर ईएनटीची ओपीडी, मेडिकल, मेयो (दुसरं सरकारी मेडिकल कॉलेज), मिहानचं एम्स, कुठेही. रिपोर्टात कॅन्सर किंवा शंका आली तर तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याची एनसीआय (नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट), किंवा ज्यांच्याकडे डोक्या-मानेचे कॅन्सर सर्जन आहेत असं हॉस्पिटल. चेहऱ्याच्या गाठीसाठी थेट प्लास्टिक सर्जनकडे जायची गरज नसते. सकाळी लवकर जा, जुने सगळे कागद, सोनोग्राफीच्या फिल्मा, चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत. आधार आणि रेशन कार्ड घेऊनच निघा, महात्मा फुले योजनेत किंवा आयुष्मानमध्ये बसतं का ते त्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधी विचारायचं, नंतर विचारलं की तो म्हणतो आधी का नाही सांगितलं. आणि तारीख मिळाली तर 'उन्हाळा आहे, टाके पिकतील, दिवाळीनंतर पाहू' असं म्हणून ती सोडू नका, ऑपरेशन थिएटरला एसी असतो.